सहा-दहाची धडक

१

रोज सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी पोस्टमास्तरांच्या स्वयंपाकघराच्या दारावर, अगदी खालच्या बाजूला, एक धडक बसायची. फार मोठी नाही. दाराला कुणी गुडघा लावावा तेवढी. मास्तर चुलीपुढून उठायचे, दार उघडायचे आणि "आलात का बाई?" असं म्हणून निवडुंगाचं एक लाल फळ उंबऱ्याबाहेर ठेवायचे. बाई काही बोलायच्या नाहीत. फळ खायच्या आणि निघून जायच्या. गेल्या अकरा वर्षांत मास्तरांच्या दिवसातलं सगळ्यात लांब संभाषण ते हेच.

त्या गुरुवारी धडक बसली नाही.

सहा-पंधराला मास्तरांनी घड्याळ कानाला लावलं. चालू होतं. सहा-वीसला त्यांनी दाराला आतून हात लावून पाहिला, दार जागेवर आहे ना म्हणून. तेही होतं. मग ते बाहेर पडले.

मास्तरांचं पूर्ण नाव रात्सिंबाझाफी. ते उच्चारून होईपर्यंत भाताला एक उकळी येते, म्हणून सगळे नुसतं मास्तर म्हणत. मादागास्करच्या या नैर्ऋत्य किनाऱ्यावर ते पठारावरून पोस्ट चालवायला आले, तेव्हा गावात पत्रं येत नव्हती. पुढे सरकारच्या हे लक्षात आलं आणि पोस्ट बंद झालं. पाटी तेवढी राहिली. मास्तरांनी आवारात सहा झोपड्या बांधल्या आणि बेट फिरवणाऱ्या सफरींच्या ट्रकना मुक्कामाला जागा द्यायला सुरुवात केली. कोरड्या महिन्यांत दोनदा ट्रक यायचा. एरवी वारा यायचा.

त्या धडक देणाऱ्या बाईंचं नाव बेबे, म्हणजे आजी. पण ही कुणाची आजी नव्हे. हे सोळा किलोचं कासव होतं, पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेलं, वयाने मास्तरांहून वडील. मास्तरांनी गावातल्या नुरूशी लग्न केलं तेव्हा ते आंदण म्हणून घरात आलं. अकरा वर्षांपूर्वी नुरू वारली. आवाराच्या पूर्वेला काटेरी रान आहे, बाहेरून नुसती हिरवी-करडी भिंत दिसते. त्याच्या पोटात ती माहेरच्या पूर्वजांजवळ निजली आहे. मास्तर तिकडे जात नसत. का, ते पुढे येईलच. नुरू गेली, आंदण मागे राहिलं.

छपराखालची बेबेची जागा रिकामी होती. वाळूत तिचा रोजचा खड्डा होता, आणि खड्ड्याशेजारी एक निळ्या चौकड्यांचं जुनं पांघरूण पडलं होतं. मास्तरांनी ते ओळखलं.

मग त्यांनी फाटक पाहिलं. फाटकाला बाहेरून कडी होती.

कासवं बाहेर पडली तरी मागे वळून कडी लावत नाहीत.

२

आदल्या संध्याकाळी आलेला ट्रक झोपड्यांसमोर उभा होता. सफर पंधरा दिवसांची: पठारावरून निघायचं, लेमूर बघायचे, खडकाळ दऱ्या, जाडजूड बुंध्यांची बाओबाब झाडं, आणि शेवटी समुद्रात डोकं घालून रंगीत मासे. आजचा दिवस अखेरचा. दहा वाजता ट्रक निघणार, चारपर्यंत तुलेआर शहर, आणि उद्या विमान. ट्रकमध्ये चार फ्रेंच पाहुणे होते. तिघं इतके दमले होते की त्यांना आता बेटाची उत्सुकता राहिली नव्हती. चौथे मस्यू, म्हणजे श्रीयुत, लेस्कूर, निवृत्त दंतवैद्य. ते दमतच नव्हते. त्यांनी काल बेबेचे अडुसष्ट फोटो काढले होते आणि तिला दात नाहीत याबद्दल हळहळ व्यक्त केली होती.

ट्रकची माणसं तीन. ड्रायव्हर सुलुफू, मानेला रग आणि बोलायचा कंटाळा. स्वयंपाकीण बाकुली, जिला कसलाच कंटाळा नव्हता. आणि वाटाड्या लालैना. नेहमीचा वाटाड्या आजारी पडल्याने हा बदली आला होता. तिशीचा, देखणा, तीन भाषांत हसणारा.

काल जेवताना लालैनाने पाहुण्यांना चांगलं तासभर ज्ञान दिलं होतं. फादी म्हणजे पूर्वजांनी घातलेली बंदी. या घराण्याला डुक्कर बंद, त्या गावाला मंगळवारी नांगर बंद.

"आणि थडगं दिसलं तर त्याच्याकडे सरळ बोट दाखवायचं नाही," तो म्हणाला होता. "दाखवायचंच तर असं, बोट आत मुडपून, पेराने."

"नाहीतर काय होतं?" लेस्कूरांनी विचारलं होतं.

"बोट झडतं."

"कुणाचं झडलेलं पाहिलंत?"

"कुणी सरळ दाखवलेलंच नाही, मस्यू."

यावर सगळे हसले होते. मग लालैनाने पहारेकरी महातुकीला विचारलं होतं, सकाळी आंघोळीला पाणी कधी मिळेल. महातुकीने सांगितलं होतं: साडेचारला तो विहिरीवर जातो, साडेपाचपर्यंत परत येतो.

आता तोच महातुकी आवाराच्या मध्यावर उभा होता, उघड्या खांद्यांनी. पांघरूण त्याचं होतं.

"यात कोडं काय आहे?" लालैना सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "पांघरूण याचं. आवारात रात्रभर हाच. फाटक यालाच ठाऊक. मास्तर, वाईट वाटतं मला, पण तुलेआरला पोचल्यावर पोलिसांना मी हे सांगणार. कंपनीचं नाव खराब होतं हो."

"काल दोरीवर वाळत घातलं होतं मी ते," महातुकी म्हणाला. तो पार दक्षिणेकडचा, तान्द्रुई जमातीचा. उंच, हातात भाला, आणि दिवसाला सरासरी नऊ शब्द. आजचे संपत आले होते.

"घे बाबा, आधी अंगावर घे," बाकुलीने पांघरूण उचलून पुढे केलं. "वारा बघ कसला सुटलाय. चोर असलास तरी गारठून मरू नकोस."

महातुकी दोन पावलं मागे सरकला. "तिला लागलं होतं का हे?"

"कुणाला?"

"तिला."

"खड्ड्याला चिकटून होतं. लागलंच असणार."

महातुकीने मान हलवली आणि दोन्ही हात पाठीमागे धरले. थंडीने त्याच्या दंडावर काटा उभा राहिला होता. बाकुली पांघरूण धरून तशीच उभी.

मास्तरांना एकदम खूप बरं वाटलं, आणि क्षणभर आपल्यालाही संशय आला होता म्हणून लगेच खूप वाईट वाटलं. "लालैना," ते म्हणाले, "तान्द्रुई माणसाला कासव फादी असतं. खाणं सोड, तो हात लावत नाही. नऊ वर्षं हा माझ्याकडे आहे. बेबे वाटेत बसली असली की हा झोपडीला वळसा घालून येतो. तिच्या अंगाला लागलं असेल म्हणून स्वतःचं पांघरूण नको म्हणतोय. सोळा किलोचं अख्खं कासव उचलून नेईल?"

लालैनाने खांदे उडवले. "मग उडून गेलं म्हणा."

तेव्हा सात वाजून दहा मिनिटं झाली होती. ट्रक दहाला निघणार होता, आणि असली चांदण्यांची कासवं चोरून परदेशात विकली जातात. एकदा का तो गेला, की जगातल्या कुठल्या तरी श्रीमंत माणसाच्या दिवाणखान्यात बेबे भिंतीवर धडका मारत बसणार, आणि तिथे दार उघडणारा कुणी नसणार. मास्तरांना ते स्पष्ट दिसलं.

३

मास्तरांनी पोस्टाचं जुनं टेबल बाहेर काढलं, त्यामागे बसले आणि एकेकाला बोलावलं. एकतीस वर्षं त्यांनी खिडकीमागे बसून माणसं पाहिली होती. पत्रं नसली की माणसंच वाचावी लागतात.

पहिली बाकुली आली. येताना करपलेल्या भाताचं गरम पाणी, इथे जेवणाबरोबर पितात ते, घेऊन आली, कारण मास्तरांनी काही खाल्लेलं नव्हतं हे तिच्याशिवाय कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

"तुमचं बोलणं अजून पठारावरचंच हो, मास्तर. घरी कधी गेला होतात शेवटचे?"

"घर असं राहिलं नाही. पहाटे काही ऐकलंस?"

"ऐकलं ना. पाचच्या आधी. चूल पेटवत होते. फांद्या मोडल्याचा आवाज आला. तिकडून, त्या काट्यांतून." बाकुलीने लांब तर्जनी पूर्वेच्या रानाकडे केली. "म्हटलं, गाढव असेल कुणी. या मुलखात त्या काट्यांत शहाणा माणूस शिरतो होय!"

सुलुफू आला. त्याने ट्रक आपणहून उघडून दाखवला. सीटखाली, टपावर, तंबूंच्या गुंडाळ्यांत कासव नव्हतं. "मी झोपलो होतो," तो म्हणाला. मग बऱ्याच वेळाने, "उशीर नका करू. आज एक थांबा जास्त आहे."

"कुठे?"

"लालैना म्हणतो, निघालो की दहा मिनिटांत ट्रक थांबव. तिथे." सुलुफूने हनुवटी आधी पुढे केली, आणि मास्तरांना कळलं नाही असं वाटून बोटही केलं. सरळ, काटेरी रानाकडे. "कसलासा पक्षी दाखवायचाय म्हणे. इथून निघाल्या निघाल्या! पाहुणे अजून सीटवर नीट टेकलेलेही नसतात."

लेस्कूर आले ते स्वतःची पेटी घेऊनच. "सगळे माझ्याकडे बघतायत," ते म्हणाले. "उघडा." पेटी खरोखर कासवाच्या मापाची होती. आत डासांच्या मलमाच्या अकरा ट्यूब, सूपची पाकिटं, आणि तळाशी एका बाईचा चौकटीतला फोटो. मास्तरांनी पेटी हळूच मिटली. लेस्कूरांनी जाताना समुद्राकडे, ट्रककडे, रानाकडे, एका बकरीकडे आणि मास्तरांकडे बोट दाखवून प्रत्येकाची तारीफ केली.

अंगावरचे ओरखडे पाहण्यात अर्थ नव्हता. या भागात ज्याला ओरखडा नाही तो माणूस घराबाहेर पडलेलाच नसतो.

"मास्तर," महातुकी शेजारी येऊन म्हणाला, "फिलिबेर नसेल?"

फिलिबेर म्हणजे नुरूचा थोरला भाऊ, मास्तरांचा मेहुणा. तिथून दोनशे पावलांवर, किनाऱ्यावर, होडीचं शीड शिवत बसलेला दिसत होता. दोघं अकरा वर्षं एकमेकांशी बोललेले नव्हते. काही सांगायचंच झालं तर फिलिबेर समुद्राकडे तोंड करून मोठ्याने बोलायचा, आणि मास्तर ते वाऱ्यावर ऐकायचे. त्यात एक वाक्य दरवर्षी यायचं: "ती म्हातारी एकदा नारळाच्या रसात शिजवली पाहिजे!"

"फिलिबेर चोरी नाही करणार," मास्तर म्हणाले. "तो समोरून येईल, कासव उचलेल, आणि वर माझ्याकडेच नारळ मागेल."

राहिला एकच. नऊ वाजले होते.

४

लालैना खुर्ची उलटी करून बसला. हसला. मास्तरांना वाटलं, हा पोस्टाच्या खिडकीशी आला असता तर याला सुटे पैसे मोजूनच दिले असते.

"पहाटे कुठे होतास?"

"सहा नंबरच्या झोपडीत. झोपलेला." त्याने झोपडीकडे बोट केलं. "तिथे त्या लाटांशिवाय काय ऐकू येणार?" बोट समुद्राकडे गेलं. "आणि लाटा थांबल्या तर तो सुलुफू आहेच, ट्रकमध्ये घोरणारा." बोट ट्रककडे. "तुम्ही माझं सोडा, मास्तर, त्याला विचारा." आता बोट महातुकीच्या उघड्या छातीवर रोखलेलं. "गरीब माणूस. मोह होतो."

"बाकुलीने फांद्या मोडल्याचं ऐकलं म्हणते. रानात."

"कुठे, तिकडे?" लालैनाने पूर्वेकडे हात केला. मूठ अर्धवट मिटलेली, तर्जनी आत मुडपलेली. "रानडुक्कर असेल. मला काय ठाऊक तिथे काय असतं? या रस्त्याने मी जन्मात पहिल्यांदा येतोय."

"मग पक्षी कसा ठाऊक?"

"कुठला?"

"निघाल्यावर दहा मिनिटांनी जो बसलेला असणार आहे."

हसू एक क्षण जागच्या जागी राहिलं, उन्हात विसरलेल्या कपड्यासारखं. "अशा रानात असतातच पक्षी," तो म्हणाला. "अंदाज."

तो उठून गेला. मास्तर टेबलामागे बसून राहिले. लालैनाचा हात जिथे थांबला होता तिथल्या रिकाम्या हवेकडे ते बराच वेळ बघत होते. मग त्यांनी स्वतःची तर्जनी पुढे केली, रानाकडे नेली, आणि ती आपोआप कशी मुडपते ते पाहिलं.

"महातुकी," ते हळूच म्हणाले, "सगळ्यांना ट्रकपाशी बोलाव."

५

साडेनऊला सगळे जमले. चारही पाहुणे टोप्या घालून आले होते. त्यांना वाटलं, हा कार्यक्रमाचाच भाग आहे.

"बेबे आवारात नाही, ट्रकमध्ये नाही, कुणाच्या पेटीत नाही," मास्तर म्हणाले. "किनाऱ्यावरून नेली असती तर होड्या लोटणाऱ्या चाळीस माणसांनी पाहिलं असतं. सोळा किलो घेऊन फार लांब जाता येत नाही. राहिलं रान. महातुकी साडेचारला पाण्याला जातो, हे काल जेवताना एकाने विचारून घेतलं. त्याने दोरीवरचं पांघरूण काढून मुद्दाम खड्ड्यापाशी टाकलं. बेबेला रानात ठेवलं, आणि ट्रक तिथे थांबवायची व्यवस्था केली. पक्षी बघायला."

"पक्षी बघायला ट्रक थांबवणं गुन्हा आहे का?" लालैना म्हणाला.

"नाही. पण रानात काय आहे ते तुला माहीत नाही म्हणालास."

"नाही माहीत."

"बाकुलीलाही माहीत नाही. तिने सरळ बोट दाखवलं. सुलुफूने सरळ बोट दाखवलं. मस्यूंनी तर बकरीलाही दाखवलं. तुझं बोट झोपडीला सरळ, समुद्राला सरळ, या माणसाच्या छातीला सरळ. फक्त रानाकडे वळलं तेव्हा मुडपलं." मास्तर थांबले. "या गावचे लोक पाहुण्यांना कधी सांगत नाहीत. बाहेरून दिसतही नाहीत. त्या काट्यांच्या मागे थडगी आहेत."

बाकुली किंचाळली.

"अहो मास्तर! आधी सांगायचं नाही का! मी सकाळपासून ताठ बोट दाखवतेय तिकडे!" तिने तर्जनी लुगड्यात गुंडाळली आणि पुटपुटत पूर्वजांची माफी मागायला लागली. सुलुफूने दोन्ही हात खिशात घातले. लेस्कूरांनी आपली बोटं मोजली.

"सवय आहे मला," लालैना म्हणाला. "वाटाड्या आहे मी. दिवसातून दहादा पाहुण्यांना करून दाखवतो. हात आपोआप तसा जातो."

"असेल," मास्तर म्हणाले. "आपण तपासून पाहू. तुझ्या मते तिथे नुसती झाडं आहेत. मग एकदाच त्या रानाकडे सरळ बोट दाखव. मी महातुकीची आणि तुझी दोघांची माफी मागतो, आणि ट्रक निघतो."

लालैना हसला. हात वर केला. हात छान वर गेला, पूर्वेकडे वळला, आणि तर्जनी बाहेर आली, पहिल्या पेरापर्यंत. तिथे थांबली. त्याने हात खाली घेतला, पँटला पुसला, पुन्हा वर केला. सगळे त्या बोटाकडे बघत होते. एखादी गोगलगाय शंखात जावी तसं बोट हळूहळू आत गेलं.

पहाटे टॉर्चच्या उजेडात ज्याने थडग्यांवरचे कोरलेले लाकडी खांब आणि बैलांची शिंगं पाहिली होती, जो पूर्वजांच्या अंगणात चोरीचा माल ठेवून आला होता, त्याला पूर्वजांकडे बोट मात्र दाखवता येईना. चोरी पोलीस बघतील, पण बोट कोण बघणार? सरळ बोटाने तूप निघत नाही म्हणतात. इथे वाकड्या बोटाने कासव निघालं होतं.

"एक कासव, मास्तर," लालैना अखेर म्हणाला. आवाजातल्या तिन्ही भाषा गेल्या होत्या. "रानात शेकड्यांनी आहेत."

"रानातली माझ्या दारावर येत नाहीत."

"मग जा ना, आणा!" तो एकदम उसळला. "जा की आत! का थांबलात? तुम्हालाच तिथे पाऊल टाकता येत नाही. काल गावात एकाच्या तोंडून निसटलं ते. म्हणून तर तिथे ठेवली."

महातुकीने भाला वाळूत रोवला. पण लालैना म्हणाला ते खरं होतं.

६

या बेटावर माणसाला राहायला घर नसलं तरी चालतं. थडग्यात जागा लागते. मास्तरांचं उलट होतं.

नुरू गेली तेव्हा तिला पठारावर आपल्या घराण्याच्या थडग्यात न्यायचं असा त्यांनी हट्ट धरला होता. फिलिबेर म्हणाला होता, ती समुद्राची आहे, तिला डोंगरात थंडी वाजेल. मास्तर रागात म्हणाले होते, "ठेवा मग तुमची माणसं तुमच्यापाशी." फिलिबेर म्हणाला होता, "ठेवतो. तू तिकडे पाऊल टाकू नकोस." घराण्यात वडीलधारा तोच, त्याच्या परवानगीवाचून आत जाणं फादी. तिकडे पठारावरच्या लोकांनीही, हा माणूस वर्षानुवर्षं येत नाही म्हणून, मास्तरांची जागा एका चुलतभावाला देऊन टाकली होती.

मास्तर घरात गेले. कपाटातली उसाच्या रमची बाटली काढली. मग किनाऱ्याकडे चालू लागले. दोनशे पावलं. अकरा वर्षं लागली होती.

फिलिबेर शीड शिवत होता. त्याने मान वर केली नाही.

"फिलिबेर."

सुई थांबली. तो समुद्राकडे बघून म्हणाला, "कुणीतरी हाक मारली असं वाटलं."

"बेबेला चोरून रानात ठेवलंय. तुझ्या माणसांत. मला आत जायला परवानगी हवीय." मास्तर पुढे म्हणाले, "आणि तेव्हा मी जे बोललो ते बोलायला नको होतं."

फिलिबेरने बाटली हातात घेऊन उन्हात धरली. "अर्धीच आहे."

"हो."

"अर्धी कुणी प्यायली?"

"मीच."

"कुणाबरोबर?"

मास्तरांनी टोपी काढून हातात घेतली. फिलिबेरने त्यांच्याकडे पहिल्यांदाच नीट बघितलं. मग उठला, अंगावरची वाळू झटकली आणि पुढे चालू लागला.

रानाच्या कडेला तो म्हणाला, "अर्ध्या बाटलीत एकालाच जाता येतं. तू इथे थांब." काट्यांत तो दिसेनासा झाला. त्याचा आवाज ऐकू आला, रम जमिनीवर शिंपडत एकेका पूर्वजाचं नाव घेताना. नावं पुष्कळ होती. शेवटचं नाव नुरूचं. मास्तर कडेला टोपी हातात धरून उभे होते, बंद खिडकीसमोर उभ्या राहणाऱ्या माणसासारखे.

फिलिबेर तांदळाचं पोतं पाठीवर घेऊन बाहेर आला. पोत्याचं तोंड ट्रकच्या तंबूच्या दोरीने बांधलेलं होतं. आत काहीतरी संथपणे, रागाने हलत होतं.

"कुठे होती?"

"नुरूच्या पायाशी," फिलिबेर म्हणाला.

मास्तरांना ठाऊक होतं की टॉर्चच्या उजेडात घाईत पोतं टाकणारा चोर नावं वाचत बसत नाही. पण फिलिबेर जन्मात कधी खोटं बोलला नव्हता. चांगुलपणासाठी तर मुळीच नाही. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

"आत यायचं असेल तर पुढच्या वेळी भरलेली बाटली आण," फिलिबेर म्हणाला आणि शिडाकडे निघून गेला.

७

ट्रक अकराला निघाला. लालैनाला पुढे, सुलुफू आणि बाकुलीच्या मधे बसवलं होतं. तुलेआरच्या ठाण्यापर्यंत तो बाकुलीचं बोलणं ऐकणार होता, आणि त्यापुढची शिक्षा न्यायालय ठरवेल ती. बाकुलीने आपली शाल महातुकीच्या खांद्यावर टाकली. "परत नकोय," ती म्हणाली, "आणि मास्तर, रोज काहीतरी खात जा हो. भात म्हणजे फक्त पाहुण्यांसाठी नसतो." लेस्कूरांनी मास्तरांचा हात बराच वेळ धरून ठेवला. मग धूळ उडाली, बसली, आणि पुन्हा वारा तेवढा राहिला.

बेबे मात्र रुसली. छपराखाली डोकं आत घेऊन बसली ती बसलीच. मास्तर रोज सहाला उठायचे, लाल फळ धुऊन ठेवायचे आणि दाराकडे बघत बसायचे. शुक्रवार गेला, शनिवार गेला. रविवारी त्यांनी फळ तिच्यापुढे नेऊन ठेवलं. ते मुंग्यांनी खाल्लं. बाई परत आल्या होत्या, पण घर तसंच होतं. मास्तरांना वाटलं, चोर तिला नाही, त्या धडकेला घेऊन गेला.

सोमवारी सहा वाजून दहा मिनिटांनी दारावर धडक बसली.

मास्तर इतक्या घाईने उठले की पाण्याचं भांडं कलंडलं. अर्ध्या वाटेत त्यांच्या लक्षात आलं की आज धडक जरा वर बसली होती. गुडघ्याच्या नाही, खांद्याच्या उंचीवर.

त्यांनी दार उघडलं. दारात फिलिबेर उभा होता, समुद्राकडे तोंड करून. हातात दोन ताजे मासे, केळीच्या सोपाच्या दोरीत ओवलेले. पलीकडे छपराखालून बेबेने, कोण आलं ते बघायला, चार दिवसांनी डोकं बाहेर काढलं होतं.

"नारळ आणलेला नाही," फिलिबेर म्हणाला. "सांग तिला."